खरखर आधी की प्रतिध्वनी आधी?

विजापूरच्या गोलघुमटात, वरच्या गोल सज्जात उभे राहून एकदा टाळी वाजवली, तर ती एकच टाळी पुन्हा पुन्हा ऐकू येते. सतराव्या शतकात बांधलेली मुहम्मद आदिलशहाची ही कबर पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण तेथे टाळी वाजवून पाहतो. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्याला मराठीत प्रतिध्वनी किंवा पडसाद म्हणतात. उर्दूत तुम्ही त्यालाच बाजगश्त म्हणता.

आपल्या कानात कोणत्याही आवाजाचा ठसा सुमारे ०.१ सेकंद टिकतो. त्याच्या आत परत आलेला आवाज मूळ आवाजात मिसळून जातो, वेगळा ऐकू येत नाही. हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ०.१ सेकंदात ३४ मीटर. त्यात जाणे आणि येणे दोन्ही आले. म्हणून प्रतिध्वनी ऐकू येण्यासाठी भिंत किंवा डोंगर किमान १७ मीटर दूर असावा लागतो. हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल.

पण गोलघुमटात भरभर बोलून पाहा. पहिल्या शब्दाचा पडसाद दुसऱ्या शब्दावर पडतो, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, आणि काय बोललो ते समोरच्याला नीट कळत नाही. म्हणजे प्रतिध्वनीने आवाजाला शोभा येते, तसा गोंधळही होतो. हा गोंधळ कसा टाळावा, हा प्रश्न इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांपुढे फार मोठ्या प्रमाणात उभा राहिला. कारण त्यांना प्रतिध्वनी तर हवा होताच, पण त्याबरोबर आवाजात खरखरही हवी होती.

आधी हे वाद्य कसे चालते ते पाहू. साध्या गिटारला लाकडाची पोकळ पेटी असते आणि ती पेटी तारांचा आवाज मोठा करते. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते. तार कंप पावली की वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. तार जशी हलते, तसा हा प्रवाहही हलतो. तो दोरीसारख्या लांब वायरमधून ध्वनिवर्धकाकडे जातो आणि तेथून मोठा आवाज होऊन बाहेर पडतो.

गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या मधल्या वाटेत लहान लहान पेट्या जोडता येतात. गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात कामात असतात. म्हणून या पेट्या जमिनीवर ठेवतात आणि पायाने दाबून चालू-बंद करतात. त्यामुळे त्यांना पेडल असे नाव पडले. त्यांपैकी दोन पेडल आपल्या कामाची आहेत. एकाचे नाव फझ, दुसऱ्याचे डिले. फझ आवाजात खरखर आणते. डिले म्हणजे विलंब. ही पेटी आलेला आवाज जपून ठेवते आणि थोड्या वेळाने परत पाठवते. म्हणजे एक लहानसा गोलघुमटच पेटीत भरलेला असतो म्हणा ना!

फझचा जन्म एका बिघाडातून झाला. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिन हा वादक खर्जाची गिटार वाजवत होता. ध्वनिमुद्रण-यंत्राचा एक भाग बिघडला होता. त्यामुळे त्या गिटारचा आवाज फाटका, मधमाश्यांच्या गुणगुणण्यासारखा उमटला. पुन्हा मुद्रण करावे की नाही यावर विचार झाला आणि शेवटी तो आवाज तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणे लोकप्रिय झाले. मग इतर कलावंतही तोच आवाज मागू लागले. तेथील तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी ट्रान्झिस्टर वापरून तसाच आवाज काढणारी जोडणी तयार केली. गिब्सन कंपनीने ती १९६२ मध्ये 'मायस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणली. इंग्रजीत फझ म्हणजे लोकरीच्या कापडावर असते तशी बारीक लव. स्वराची कड गुळगुळीत न राहता तिला जणू लव फुटते, म्हणून हे नाव.

गंमत अशी, की या पेटीने गिटारमधून सॅक्सोफोन, ट्रंपेट अशा वाद्यांचा आवाज निघेल, अशी कंपनीची जाहिरात होती. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात ती वापरली. तीसुद्धा पुढे त्या जागी खरी फुंकवाद्ये घालण्याच्या इराद्याने! पण गाणे तसेच प्रसिद्ध झाले, लोकांना खरखर आवडली आणि पेट्या भराभर खपल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या आर्बिटर कंपनीने 'फझ फेस' नावाची गोल, बशीसारखी पेटी काढली. जिमी हेंड्रिक्स या थोर वादकामुळे ती जगभर गाजली. तिच्या पोटात २ ट्रान्झिस्टर, ४ रोधक, ३ धारित्रे आणि फिरवायची २ बटणे एवढाच ऐवज असतो. इतक्या थोड्या सामानात एवढा मोठा आवाज बदलणारी वस्तू विरळाच.

फझ नेमके काय करते? समजा, एखाद्या माळ्याने बागेतील झाडे खत घालून पन्नास पट वाढवली आणि मग सर्व झाडे एकाच उंचीवर सपाट छाटली. फझही असेच करते. आलेला प्रवाह ती खूप मोठा करते. पण तिच्यात एक कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेवर गेलेला भाग कापला जातो. गिटारच्या प्रवाहाची लहर गोलसर टेकडीसारखी असते. फझमधून निघाल्यावर तिचा माथा सपाट होतो. लहर अशी कापली गेली, की मूळ स्वराच्या पटीतील उंच स्वर त्यात जोर धरतात. गिटारच्या पाचव्या मोकळ्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला ११० असते. फझनंतर तिच्यात २२०, ३३०, ४४० अशा पटींचा जोर वाढतो. आपल्या कानाला हीच खरखर वाटते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. माळ्याने छाटल्यावर मोठे झाड आणि लहान झुडूप सारखेच उंच दिसते. फझमधून गेल्यावर जोरात छेडलेली तार आणि हळू छेडलेली तार यांचा आवाजही जवळजवळ सारखा होतो. पुढे हीच गोष्ट आपल्याला नडणार आहे.

आता डिलेकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्याला प्रतिध्वनीसाठी ध्वनिफीत वापरत. फितीवर एका ठिकाणी आवाज नोंदवायचा आणि फीत सरकून थोडी पुढे गेली की दुसऱ्या ठिकाणी तो वाचायचा. समजा, फीत सेकंदाला २० सेंटिमीटर सरकते आणि दोन ठिकाणांत ५ सेंटिमीटर अंतर आहे, तर आवाज पाव सेकंद उशिरा येईल. अमेरिकेत 'एकोप्लेक्स' आणि इंग्लंडमध्ये 'कॉपीकॅट' ही यंत्रे याच तत्त्वावर चालत. इटलीत मिलान येथे बिन्सन कंपनीने फितीऐवजी फिरणारी चुंबकीय चकती वापरून 'एकोरेक' हे यंत्र तयार केले. फितीप्रमाणे ती झिजून तुटण्याची भीती नव्हती.

१९६९ मध्ये फिलिप्स कंपनीतील सँगस्टर आणि टीर या संशोधकांनी एक वेगळीच युक्ती शोधली. गावात आग लागली तर लोक विहिरीपासून घरापर्यंत रांगेत उभे राहतात आणि पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात. पाणी पोचते, पण थोड्या वेळाने. त्यांनी शेकडो लहान धारित्रांची अशीच रांग लावली. प्रत्येक धारित्र आपल्याजवळचा विद्युतभार पुढच्याला देते. रांगेच्या शेवटी आवाज उशिरा पोचतो. या जोडणीला 'बादल्यांची रांग' अशा अर्थाचेच इंग्रजी नाव मिळाले. तिच्यामुळे डिले पायाखाली मावेल एवढी लहान झाली. मात्र बादली हातोहात जाताना थोडे पाणी सांडतेच. तसेच येथेही आवाजाची धार कमी होते आणि प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा अधिक मंद, अधिक मऊ होत जातो. नंतर आलेल्या डिजिटल डिलेमध्ये आवाज अंकांच्या रूपाने साठवतात. सेकंदाला ४४,१०० अंक या वेगाने नोंद केली, तर अर्ध्या सेकंदासाठी २२,०५० अंक लक्षात ठेवावे लागतात. यात पाणी सांडत नाही. पडसाद मूळ आवाजाइतकाच स्वच्छ येतो. तो नेहमीच चांगला वाटतो असे मात्र नाही.

डिलेवर साधारण तीन बटणे असतात. एक पडसाद किती वेळाने यावा हे ठरवते, दुसरे किती मोठा यावा हे आणि तिसरे किती वेळा यावा हे. तिसऱ्या बटणाचे काम असे चालते: बाहेर पडलेल्या आवाजाचा काही भाग पुन्हा आत पाठवतात. निम्मा पाठवला तर १००, ५०, २५ असा आवाज उतरत जातो. पण बटण फार पुढे नेले आणि परत जाणारा भाग मूळ आवाजाहून मोठा झाला, तर १००, ११०, १२१ असा तो वाढतच जातो आणि क्षणात कानठळ्या बसतात. म्हणून हे बटण फिरवताना ध्वनिवर्धकाचा आवाज आधी कमी करावा.

आता मुख्य प्रश्न. गिटारमधून निघालेली वायर आधी फझमध्ये घालावी की आधी डिलेमध्ये?

आधी डिले आणि मग फझ असे जोडून पाहू. समजा, गिटारच्या स्वराचा जोर ८० आहे. डिलेमधून त्याचे पडसाद ४०, २० आणि १० असे उतरत्या जोराने निघतात, जणू जिन्याच्या पायऱ्या. हे सारे आता फझमध्ये शिरते. फझ प्रत्येकाला पन्नास पट करते, म्हणजे ४०००, २०००, १००० आणि ५००. फझची मर्यादा १०० आहे असे धरले, तर चारही आवाज १०० वर कापले जातात. जिना गेला, सपाट फरशी उरली. शेवटचा, विरून जायला हवा असा पडसादही पहिल्या स्वराइतकाच मोठा ऐकू येतो. शिवाय फितीच्या किंवा बादल्यांच्या रांगेच्या डिलेमध्ये नेहमी थोडी 'सूं' अशी सूक्ष्म कुजबुज असते. तिचा जोर १ धरला, तरी फझनंतर तो ५० होतो. वादक हात थांबवतो, तरी पेटी थांबत नाही.

याहून मोठा घोटाळा दुसराच आहे. तो समजण्यासाठी बीजगणितातील एक सूत्र आठवा. अ आणि ब यांची आधी बेरीज करून वर्ग केला, तर अ चा वर्ग, ब चा वर्ग आणि शिवाय २अब एवढे मिळते. पण आधी वेगवेगळे वर्ग करून मग बेरीज केली, तर २अब मिळत नाही. ३ आणि ४ घ्या. बेरजेचा वर्ग ४९ येतो. वर्गांची बेरीज २५ येते. मधले २४ कोठून आले? ते ३ मध्ये नव्हते, ४ मध्येही नव्हते. दोघे एकत्र शिरल्यामुळे ते जन्मले.

डिले फक्त बेरीज करते. मूळ स्वरात ती जुन्या स्वराची नक्कल मिळवते, एवढेच. फझ मात्र वर्ग करण्यासारखे काम करते. म्हणून फझमध्ये एकाच वेळी दोन स्वर शिरले, की दोघांच्याही मालकीचे नसलेले आणखी स्वर तयार होतात. त्यांत दोन्ही कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी असते, इतरही काही असतात. २०० आणि ३०० कंपनांचे स्वर एकत्र गेले, तर १०० आणि ५०० यांचेही स्वर निघतात. हे चौघे एकमेकांशी जुळतात, कानाला बरे वाटतात. पण २०० आणि २२५ एकत्र गेले, तर २५ आणि ४२५ निघतात. २५ कंपने म्हणजे स्वर राहत नाही, ती घरघर होते. वादक एक स्वर वाजवून दुसऱ्यावर गेला, की पहिल्याचा पडसाद आणि दुसरा स्वर एकदमच फझमध्ये पोचतात. त्याने बोटाने एकच तार छेडलेली असते, पण फझला दोन स्वर मिळतात. मग त्याचा काही दोष नसताना घरघर सुरू होते. गोलघुमटात भरभर बोलण्यापेक्षा हे वाईट आहे. तेथे शब्द एकमेकांवर पडतात, पण प्रत्येक शब्द तोच राहतो. येथे मुळात नसलेले आवाज उपटतात.

आता क्रम उलटा करा. आधी फझ, मग डिले. फझला एका वेळी एकच स्वर मिळतो. ती त्याला खरखरीत करते. डिले त्या तयार स्वराची नक्कल ठेवते आणि ५०, २५ अशा उतरत्या पायऱ्यांनी परत पाठवते. नव्या स्वरावर जुना पडसाद पडतो, पण फक्त बेरीज होते. २अब कोठेच येत नाही. जिना जसाच्या तसा राहतो.

ऑक्टोबर १९७१ मध्ये पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाचे चित्रीकरण इटलीत पॉम्पेई येथे झाले. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या शहरातील प्राचीन, उघड्या रंगमंडलात श्रोत्यांशिवाय त्यांनी वादन केले. त्यांचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्याजवळ फझ फेस आणि बिन्सनचे एकोरेक या दोन्ही वस्तू होत्या. आधी फझ फेस, सर्वांत शेवटी एकोरेक आणि मग ध्वनिवर्धक, असा त्यांचा क्रम असे. त्यांचे लांब, सावकाश ओढलेले स्वर एकामागून एक येतात, तरी एकमेकांना चिरडत नाहीत, याचे बरेचसे श्रेय या क्रमाला आहे.

मात्र एक अडचण उरते. फझ नसली, तरी ध्वनिवर्धकावर फार भार टाकला की तोही लहरींचे माथे कापू लागतो. पुष्कळ वादकांना हाच आवाज प्रिय असतो. पण ध्वनिवर्धक वाटेच्या अगदी शेवटी असतो. मग डिले त्याच्यानंतर कशी जोडणार? पुढे काही ध्वनिवर्धकांना पोटातच एक वेगळी वाट ठेवण्यात आली. खरखर तयार झाल्यावर आवाज त्या वाटेने बाहेर येतो, डिलेमधून जातो आणि परत आत शिरून मोठा होतो. पण ही सोय नसताना एका वादकाने जो मार्ग काढला, तो मला सर्वांत हुशारीचा वाटतो.

त्यांचे नाव ब्रायन मे. ते लंडनच्या क्वीन या वाद्यवृंदाचे गिटारवादक. (या वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचे फारोख बलसारा. हा पारशी मुलगा झांझिबारला जन्मला आणि आपल्या पाचगणीच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकला. तेथेच शाळकरी मित्रांच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवत असे.) मे यांनी आपली गिटार बाजारातून आणली नव्हती. १९६३ पासून वडिलांच्या मदतीने त्यांनी ती घरीच बनवली. तिच्या मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले आणि तारा ताणण्याच्या यंत्रणेत मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसवल्या. ते विज्ञानाचेही विद्यार्थी होते. ग्रहांच्या दरम्यान पसरलेल्या धुळीवरचा आपला अर्धवट राहिलेला प्रबंध त्यांनी पुढे पुरा केला आणि २००७ मध्ये त्यांना लंडनच्या इंपीरियल कॉलेजची पीएच.डी. मिळाली.

मे यांना पडसादांशी जुगलबंदी करायची होती. एक स्वर वाजवायचा, तो परत येईपर्यंत थांबायचे आणि तो येताच त्याच्याशी जुळणारा दुसरा स्वर वाजवायचा. दुसरा पडसाद आला, की त्या दोघांवर तिसरा. असे केले तर एकच माणूस तिघांसारखा वाजवू शकतो. यासाठी त्यांनी एकोप्लेक्सच्या यंत्रात बदल करून फितीची वाट लांब केली, म्हणजे पडसाद पुरेशा उशिरा येई. पण त्यांची खरखर ध्वनिवर्धकावर जास्त भार टाकून निघत असे. मूळ स्वर आणि दोन्ही पडसाद एकाच ध्वनिवर्धकात घातले असते, तर २अबचा घोटाळा ठरलेलाच होता. म्हणून त्यांनी ध्वनिवर्धकच वेगवेगळे केले. एकात फक्त मूळ स्वर, दुसऱ्यात फक्त पहिला पडसाद, तिसऱ्यात फक्त दुसरा. प्रत्येक ध्वनिवर्धक आपल्या एकट्या स्वराला खरखरीत करी आणि तिघांची बेरीज सभागृहाच्या हवेत होई. हवा वर्ग करत नाही. १९७४ मध्ये निघालेल्या 'शीअर हार्ट अटॅक' या तबकडीतील 'ब्रायटन रॉक' या गाण्यात हे वादन ऐकायला मिळते. कान देऊन ऐकले, तर तिन्ही गिटारी वेगवेगळ्या ओळखू येतात.

सर्वांजवळ तीन ध्वनिवर्धक नसतात. एक फझ, एक डिले आणि एक लहान ध्वनिवर्धक एवढेच असले तरी काम भागते. गिटारची वायर आधी फझमध्ये, तेथून डिलेमध्ये आणि तेथून ध्वनिवर्धकात घालावी. फझ गिटारला थेट जोडण्यात आणखी एक फायदा आहे. फझ फेससारख्या जुन्या पद्धतीच्या पेट्यांचा गिटारच्या वेटोळ्याशी जवळचा संबंध असतो. गिटारवरचे आवाजाचे बटण किंचित मागे घेतले, की खरखर निवळून स्वर जवळजवळ स्वच्छ होतो. पायही हलवावा लागत नाही. मध्ये दुसरी पेटी आली, की बहुधा हा संबंध तुटतो आणि आवाज कर्कश होतो.

फझबरोबर मऊ पडसादाची डिले अधिक शोभते असे माझे मत आहे. खरखरीत स्वर स्वतःच इतका भरलेला असतो, की त्यामागे तितकेच धारदार पडसाद आले तर कान थकतात. डिजिटल डिले असेल, तर तिचा पडसाद लहान ठेवावा, मूळ स्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतका पुरे. वेळ मात्र अंदाजाने ठरवू नये. गाण्यात मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजावे आणि ६०,००० ला त्या संख्येने भागावे. म्हणजे एका ठोक्याला किती सहस्रांश सेकंद लागतात ते कळते. मिनिटाला १२० ठोके असतील, तर उत्तर ५०० येते, म्हणजे अर्धा सेकंद. डिले तेवढ्यावर ठेवली की पडसाद ठोक्यावर पडतात. २५० वर ठेवली, तर प्रत्येक ठोक्याच्या मध्यावरही एक पडसाद येतो.

विजेच्या बाबतीत सावध राहावे लागते. दोन्ही पेट्या बहुधा ९ व्होल्टच्या विजेवर चालतात, म्हणून एकाच अडॅप्टरमधून दोन फाटे काढण्याचा मोह होतो. पण जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असलेल्या अनेक जुन्या फझमध्ये बॅटरीचे धन टोक पेटीच्या धातूच्या कवचाला जोडलेले असते, तर डिलेमध्ये ऋण टोक. दोन्ही पेट्या वायरने एकमेकींना जोडलेल्या असतातच. त्यामुळे एकाच अडॅप्टरचे धन आणि ऋण टोक परस्परांना भिडतात आणि शॉर्ट सर्किट होते. अशा फझला वेगळी बॅटरीच द्यावी. ती इतकी थोडी वीज घेते, की एक बॅटरी महिनोन्‌महिने पुरते. डिजिटल डिले मात्र तीच बॅटरी काही तासांत संपवते, म्हणून अडॅप्टर तिला द्यावा. वादन झाल्यावर फझमध्ये खोचलेली गिटारची वायर काढून ठेवावी. ती आत असेपर्यंत पेटी चालूच राहते. जर्मेनियमला उष्णताही सोसत नाही. कडक उन्हात किंवा तापलेल्या दिव्यांखाली अशा फझचा आवाज बदलतो आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्यासारखा होतो. पेटी बिघडली असे समजून ती लगेच दुरुस्तीला नेण्याची घाई करू नये.

आणि उलटा क्रम? तोही मुद्दाम वापरतात. ज्यांना स्वर वेगळे ऐकवायचे नसून आवाजाची एक घनदाट भिंत उभी करायची असते, ते आधी डिले आणि मग फझ जोडतात. तेव्हा घरघर हाच त्यांचा रंग असतो. मागच्या पिढीतील कितीतरी वादकांनी एकोप्लेक्स सरळ भार टाकलेल्या ध्वनिवर्धकाच्या तोंडाशी जोडले होते, कारण दुसरी वाटच नव्हती. पडसाद बारीक ठेवून त्यांनी ते निभावले. दोन्ही पेट्या हाताशी असतील, तर एकदा सावकाश चालीची आणि एकदा जलद चालीची एकच ओळ दोन्ही क्रमांनी वाजवून पाहावी. सावकाश चालीत कदाचित फारसा फरक जाणवणार नाही. जलद चालीत तिसऱ्या-चौथ्या स्वरालाच तो कळेल. वायर बदलताना मात्र आधी ध्वनिवर्धक बंद करावा.